पिवळ्या गळ्याची पाल

मी पाली धरते. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते. एकदा एका सरकारी अर्जावर ‘व्यवसाय’ असा रकाना होता. मी म्हटलं, “लिहा, पाली धरणे.” समोरच्या साहेबाने मान वर करून मला चपलेपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि लिहिलं, ‘घरकाम’. घरातल्या पाली मी कधीच धरल्या नाहीत. रानातल्या धरते. मग ते घरकाम कसं झालं, हे त्याला विचारणार होते, पण मागे रांग होती.

या अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी चौथी शिकलेली आहे. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुरात हात घालू नका. त्या हो म्हणाल्या. तेव्हा पुढे जे काही आहे ते माझंच आहे.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी तिथे गवत कापत होते आणि शहरातून आलेले एक साहेब एका पालीच्या मागे धावत होते. तासभर धावले. पाल एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जायची, थांबायची, त्यांच्याकडे बघायची. शेवटी मलाच बघवेना. माडाच्या झावळीचा एक हीर, म्हणजे पातीतली ताठ काडी, घेतला, गरीला लावतात त्या बारीक दोऱ्याचा फासा त्याच्या टोकाला बांधला, आणि पाल धरून त्यांच्या हातात दिली. साहेब म्हणाले, “बाई, उद्या याल का?” तेव्हापासून जाते आहे.

यात कसब फार नाही, धीर लागतो. आपली सावली पालीवर पडू द्यायची नाही. हीर हळूहळू पुढे न्यायचा. पालीला ती गवताची काडी वाटते, कधी कधी तर ती फासा चाटून बघते. फासा मानेपर्यंत गेला की वर एक हलका हिसका. जोरात दिलात तर पाल मरते आणि तुम्ही घरी जायचं. माझ्या हातून अशी एकही मेली नाही, हे मी कुठेही सांगेन. धरलेली पाल कापडी पिशवीत घालायची. पिशव्या मी जुन्या परकराच्या शिवते. एका पिशवीत एकच पाल.

या पाली म्हणजे तुमच्या ट्यूबलाइटशेजारच्या नव्हेत. या बोटाएवढ्या असतात आणि दिवसा फिरतात. घरातल्या पालीचं बुबुळ मांजरासारखं उभं असतं, यांचं गोल. बोटांना चिकट गाद्या नाहीत, नखांनी दगड धरतात. आणि यांच्यात जाती इतक्या, की दोन टेकड्यांवरच्या दोन पाली शेजारी ठेवल्या तर आईलासुद्धा कळणार नाही कोणती आपली. म्हणून भिंगाखाली मोजायचं. पाठीवर दाणे किती, कुशीला काटे आहेत का, नराच्या मांडीखाली चाळणीसारखी बारीक छिद्रं असतात ती किती, गळ्याचा रंग कोणता.

एवढं करूनही भागत नाही. लग्न जमवताना मुलगा दिसायला बरा आहे एवढ्यावर कोणी थांबत नाही, कूळ विचारतात. तसंच आहे हे. प्रत्येक जिवाच्या मांसात त्याच्या पूर्वजांपासून चालत आलेली एक लांबलचक ओळ लिहिलेली असते. तिला डीएनए म्हणतात. पालीच्या शेपटीचं तांदळाच्या दाण्याएवढं टोक कापून स्पिरिटच्या बाटलीत घालायचं आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे यंत्र ती ओळ वाचतं. दोन पालींच्या ओळीत थोडा फरक असला तर त्या भाऊबंद. फार फरक असला तर जात वेगळी, मग तोंडं कितीही सारखी असोत. पालीला टोक पुन्हा फुटतं. आपल्याला डोकं फुटत नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते, कारण ती सड्यावर वर बघत चालतात.

माणसंही नाना तऱ्हेची भेटली. आंजर्ल्याला एक म्हातारे गृहस्थ होते, जन्म बोटीवर गेलेला. आम्ही आलोय कळल्यावर ते कॉफीच्या बाटलीत एक प्राणी घालून घेऊन आले. कौलातून तो त्यांच्या उजव्या खांद्यावर पडला होता. पंचांगात बघितलं तर पालीचं फळ लाभ. बायको म्हणत होती पाल नव्हे, सरडा, आणि सरड्याचं फळ काही बरं नव्हतं. दोन दिवस घरात वाद. मी बाटली उन्हात धरली आणि सांगितलं, “पाल नाही, सरडाही नाही. सापसुरळी आहे.”

ते म्हणाले, “मग हिचं फळ काय?”

“ते तिला विचारा. तुमच्या अंगावर पडून तिचं शेपूट तुटलंय.”

बायको इतकी हसली की आम्हाला जेवायला घालूनच सोडलं. सुरमई होती.

पण मला सांगायचं आहे ते राईतल्या पालीचं.

सायली ही पुण्याची मुलगी. पाच वर्षं ती या पालींवर अभ्यास करत होती. उन्हाने तोंड काळं पडलेलं, नाकावर कायम साल. आली तेव्हा मला वाटलं, आठ दिवसांत पळेल. पळाली नाही. तिचं म्हणणं असं, की आमच्या देवाच्या राईत राहणारी पाल सड्यावरच्या पालीसारखी दिसते खरी, पण ती वेगळी जात असावी. तिने दुर्बिणीतून गळा पाहिला होता. सड्यावरच्या नराचा गळा राखेसारखा, राईतल्याचा पिवळा. पण दुर्बिणीतून पाहिलेलं कोणी धरत नाही. शेपटी हवी, मोजमाप हवं. वनखात्याचा परवाना तिच्याकडे होता. देवाचा नव्हता.

आमच्या राईतली काटकी कोणी मोडत नाही. पडलेलं झाडसुद्धा तिथेच कुजतं. तिथून काही घ्यायचं तर देवाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

आमचा भिकू गुरव माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला वैनी म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं, “देवा महाराजा, ही पोर पुण्यासून आली हाय, तिला तुझ्या राईतल्या पाली न्यायच्या हायत...”

डावी पाकळी टपकन पडली.

सायलीचा चेहरा उतरला. मी बाहेरूनच म्हटलं, “भिकू, तू विचारलंस चुकीचं. न्यायच्या कुठे आहेत? बघायच्या आणि ठेवायच्या.”

“मंग तूच सांग काय बोलू ता.”

“बोल, एकही पाल मरणार नाही. शेपटीचं टोक घेऊ, आणि जी जिथली ती तिथेच, तिच्याच दगडावर परत ठेवू.”

भिकूने पुन्हा पाकळ्या लावल्या, माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि शेवटी पदरचं जोडलं, “...नि ह्याची समदी जबाबदारी वत्सलेची, महाराजा!” जमलेल्या सगळ्यांनी “होय महाराजा!” म्हणून टाकलं. माझ्या तोंडून ‘नाही’ निघेपर्यंत उजवी पाकळी पडलीसुद्धा.

झालं. मी बांधली गेले.

आता ‘तिच्याच दगडावर’ हे बोलायला सोपं. राईत दगड शेकड्याने. मी शाळेतून खडू आणला आणि प्रत्येक दगडावर नंबर घातला. तोच नंबर पिशवीवर, तोच बाटलीवर. सकाळी धरायच्या, दुपारी मोजायच्या, ऊन कलायच्या आत घरी पोचवायच्या. भिकू रोज यायचा, हात मागे बांधून दगडांमधून फिरायचा. पहिल्या दिवशी लक्ष ठेवायला आला होता. आठवड्याने त्याला नंबर पाठ झाले.

“वैनी, सतरा नंबर आजून घरला आली नाय.”

“भिंगाखाली आहे.”

“सकाळपासून? तिला भूक लागली आसंल. लौकर सोड.”

आणखी आठवड्याने तो पाली स्वतः सोडायला लागला. पिशवीचं तोंड दगडाला लावून म्हणायचा, “जा गो बाय, तुझा घर.” आधी हाच माणूस देवळात पाल दिसली की झाडू घ्यायचा.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतून अनिकेतचा फोन आला. शेपट्यांची वाचनं तोच करायचा. सायलीने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तो म्हणाला, राईतली पाल वेगळीच जात आहे, सड्यावरच्या पालीपासून चांगली लांब, शंकाच नको. सायलीने किंचाळून मला धरलं आणि अंगणात गरागरा फिरवलं. माझे गुडघे अजून त्या दिवसाचं नाव काढतात. भिकूने देवाला नारळ फोडला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

पण दुसऱ्या दिवशी पोरगी ओटीवर बसलेली. चहा पुढे ठेवला, त्यावर साय धरली तरी हात लावीना.

“काय झालं?”

“काकी, एक अख्खी लागेल.”

“अख्खी म्हणजे?”

“नवीन जात म्हणून नाव द्यायचं तर एक नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे कोणालाही ताडून बघता यावा म्हणून. नुसत्या शेपटीवर आणि फोटोवर सहसा मान्य करत नाहीत.”

“म्हणजे मारून.”

“हो.”

“आणि हे तू मला आता सांगतेस?”

“आधी ती वेगळी आहे की नाही तेच माहीत नव्हतं. तुम्ही गाऱ्हाण्यात बोललात तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.”

मी तिला खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, संपादकबाई काढून टाकतील. तिचा प्रबंध त्या हंगामाअखेर द्यायचा होता. नाव नाही तर पाच वर्षं सड्यावर भाजून घेतल्याचं सार काय, तर ‘एक वेगळी पाल असावी’. दुसरीकडे मी देवापुढे आणि अख्ख्या गावापुढे बोलून बसले होते. देव काय करील याची मला फार काळजी नव्हती. पण मी दिलेला शब्द मोडला असं कोणी आजवर म्हटलेलं नाही, आणि सत्तरीला येऊन ते ऐकायची हौस नव्हती.

रागाच्या भरात मी म्हटलं, “तू राईतली एक गुपचूप उचलली असतीस तर मला कळलंही नसतं.”

ती म्हणाली, “मला कळलं असतं ना.”

मी उठून दुसरा चहा टाकला.

चहा गाळता गाळता मला सुचलं. माझ्या विहिरीच्या कठड्यावर हीच पाल आहे. पिवळा गळा, मी रोज बघते. विहीर माझी, राई देवाची. विहिरीतलीचं कूळ तेच निघालं, तर नमुना तिथला घ्यायचा. शब्दही राहतो आणि पोरीचं कामही होतं. सायली नाचायचीच बाकी राहिली. मी चार पाली धरून दिल्या, त्या तिने मोजल्या. मांडीची छिद्रं सहा-सात. राईतल्यांची पण सहा-सात. गळ्याकडे बघून ती जराशी घुटमळली, पण मी ठाम होते. म्हटलं, “मी पंधरा वर्षं पाली बघते. मला शिकवू नकोस.” चार टोकं गेली.

अनिकेतचा फोन आला. विहिरीतली पाल म्हणजे सड्यावरचीच नेहमीची. राईतल्या पालीचा तिच्याशी संबंध नाही.

मी म्हटलं, “तुझं यंत्र बिघडलंय.”

“यंत्र ठीक आहे, आजी.”

“आजी कोणाला म्हणतोस? तू कधी पाल डोळ्यांनी बघितलीस का?”

 मग कबूल झाला. हजारो शेपट्या वाचल्या, जिवंत पाल जवळून कधी पाहिली नाही. मी म्हटलं, ये इकडे, दाखवते. आणि तो खरंच आला. गोरा, गबदुल, नवे बूट. मी विहिरीवरची पाल धरली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या वाडीतून दोन माणसं काठ्या घेऊन आली. त्यांना वाटलं साप. पाल बिचारी त्याच्या हातावरून खांद्यावर, खांद्यावरून टोपीत गेली. सायली हसून हसून खाली बसली. टोपीतून पाल काढताना मी अनिकेतला म्हटलं, “आता बघ. गळा पिवळा आहे की नाही?”

तो वाकला. “पांढरट आहे, काकी.” टोपीने आजीची काकी केली होती.

“सायली, तू बघ.”

सायली खाली बघत म्हणाली, “राखी आहे, काकी. मला त्या दिवशीही तसाच वाटला होता. पण तुम्ही एवढं खात्रीने म्हणालात...”

मी भिकूला हाक मारली. तो माझी बाजू घेणाऱ्यातला नाही, पण खोटंही बोलत नाही. त्याने पालीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या अंगावरच्या साडीला बोट लावून विचारलं, “वैनी, ह्या साडीचा रंग कुठला?”

“पिवळा. हलका पिवळा.”

“पांढरी हाय ती. मी म्हणतच हुतो, हल्ली ही पांढरी साडी नेसून पिवळी-पिवळी काय म्हणत आसते.”

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. राईतल्या पालीचा गळा खरा पिवळा होता, विहिरीतलीचा माझ्या डोळ्याने रंगवलेला. मोतीबिंदूने सगळं जग हळदीत बुडवलं होतं आणि मी त्याच हळदीवर पैज लावून बसले होते. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. लाज वाटली म्हणजे मी रागावते. मी तिघांनाही जेवायला वाढलं आणि जेवताना कोणी बोलू नये असं सांगितलं.

सायलीने मला रत्नागिरीला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतके दिवस कशाला थांबलात?” मी म्हटलं, “मला दिसत होतं.” त्या म्हणाल्या, “दिसत होतं ते काय होतं ते देवाला माहीत.” आधी एक डोळा, मग महिन्याने दुसरा. तो महिना मला उन्हात जायची बंदी होती, आणि सायलीने तो माझ्या घरी काढला, प्रबंधाची बाकीची पानं लिहीत आणि माझ्या डोळ्यांत थेंब घालत. दोघींच्याही मनात एकच होतं, पण पालीचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. आभाळ इतकं निळं असतं हे मी विसरून गेले होते. तांब्या चकचकीत, चुन्याची भिंत दुधासारखी. विहिरीवर पाल बसली होती, गळा राखेसारखा. मी तिला म्हटलं, “तूच ती खोटारडी.” मग उगाच, नवीन डोळे वापरून बघायचे म्हणून, गोठ्याकडे वळले. आता गुरं नाहीत, लाकडं असतात. गोठ्याच्या भिंतीत दिवा ठेवायचा एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात एक पाल होती. तिने मान वर केली. गळा हळदीसारखा पिवळा.

 आधी शंका आली, डोळा पुन्हा बिघडला. विहिरीवर जाऊन आले. राख. गोठ्याकडे आले. हळद. पुन्हा विहीर. पुन्हा गोठा. सायली दात घासत ओटीवरून बघत होती. तिला वाटलं, बाईला भ्रम झाला.

“काकी, काय शोधताय?”

“ब्रश टाक आणि इकडे ये.”

ती आली, बघितलं, आणि तोंडातला फेस तसाच ठेवून म्हणाली, “ही इथे कशी?”

हाच प्रश्न होता. राईपासून माझं घर मैलभर, मध्ये उघडा सडा. ही पाल सावलीतली. तो तापलेला सडा ओलांडून ती स्वतःच्या पायांनी येणार नाही. मी कोनाड्याकडे बघत राहिले आणि मला हसू फुटलं. गोठ्यात दिव्याचा कोनाडा कशाला असेल? कोनाडा कोरलेला तो चिरा गोठ्यासाठी घडवलेलाच नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी देवळाचं बांधकाम नव्याने केलं, तेव्हा राईला लागून असलेली जुनी भिंत पाडली होती. मी तिथे दगड वाहायला होते. उरलेले चिरे ज्याला हवे त्याने न्यावेत असं ठरलं. नवरा मुंबईला. मी एकटीने, खेप खेप करून, डोक्यावरून ते चिरे घरी आणले आणि गोठा उभा केला. या पाली दगडाच्या फटीत दोन-दोन पांढरी अंडी चिकटवतात, खरवडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे देवाची पाल मीच डोक्यावर घेऊन मैलभर चालत आले होते. आणि तीस वर्षांनी तिला शोधायला भलत्याच ठिकाणी गेले, कारण दोन्हीकडे सगळं पिवळंच दिसत होतं.

टोकं गेली. या वेळी मी फोनवर एक शब्द बोलले नाही. अनिकेत म्हणाला, “काकी, तीच आहे. राईतलीच.”

“खात्री?”

“तुमचे डोळे आणि माझं यंत्र, दोघांची.”

आता मोकळं झालं असं सायलीला वाटलं. मला वाटेना. मी राईतली मारणार नाही म्हटलं होतं, आणि ही राईतली नव्हे, हे खरं. पण दगड देवाचे होते. मला पळवाटेने जायची सवय नाही. मी भिकूकडे गेले आणि पुन्हा कौल लाव म्हटलं.

“तुझ्या गोठ्यातल्या पालीला कौल कशाला गो? उद्या कोंबडी कापायला पण येशील.”

“लावतोस की नाही?”

“नि डावी पडली तर?”

“तर नाही मारणार. सायलीला सांगितलंय.”

सांगितलं होतं. ती “ठीक आहे” म्हणाली होती आणि बाहेर कट्ट्यावर मुठी आवळून बसली होती.

भिकूने सगळं सांगितलं. चिरे, गोठा, संग्रहालय, एकच पाल, एकापेक्षा जास्त नाही. काही लपवलं नाही. माझ्या मोतीबिंदूचंही सांगितलं, त्याची गरज नव्हती. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसलो. पडेनात. उन्हाचा कवडसा एका लादीवरून दुसऱ्या लादीवर गेला तरी पडेनात. तेवढ्यात पाषाणामागून एक पाल निघाली, पिवळ्या गळ्याची. देवाच्या उजव्या खांद्यावर चढली, थांबली, आणि एकदम पुढे झेपावली. उजवी पाकळी खाली.

एकच कल्ला झाला. कोणी म्हणे हा कौल धरायचा नाही, पालीने पाडला. कोणी म्हणे पालीचा प्रश्न, पालीनेच उत्तर दिलं, आणखी काय हवं? भिकूने दोन्ही हात वर करून सांगितलं, “देवाची पाल, देवाचा खांदा, देवाची पाकळी. तुमचा काय ह्याच्यात? कौल झाला!”

मला खरं विचाराल तर पालीला माशी दिसली होती. मी बघितली ती माशी. नवे डोळे होते. पण पाकळी उजवी पडली हेही खरं, आणि त्या क्षणी मी माशीबद्दल काही बोलले नाही.

गोठ्यातली पाल मीच धरली. दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. सायलीने सुईने तिला झोपवलं. पालीला त्रास झाला नाही असं ती म्हणाली. मी शेवटपर्यंत तिथे उभी राहिले. पंधरा वर्षांत माझ्या हातची एकही मेली नव्हती, हे मी मघाशी लिहिलं. माझ्या फाशात मेली नाही, हे अजूनही खरंच. पण ही एक माझ्या हिशेबात आहे, आणि ती मी कोणाच्या नावावर टाकत नाही.

सायलीचा प्रबंध झाला. पालीला नाव देताना तिने विचारलं, “काकी, तुमचं देऊ?” मी म्हटलं, “नको. उद्या कोणी म्हणेल, वत्सला भिंतीवरून पडली.” मग गावाचं नाव दिलं. छापून आलं तेव्हा गावात पेढे वाटले. फोटोत पाल आहे, गळा पिवळाधमक. अनिकेत आता दरवर्षी येतो. पाल हातावर घेतो, डोळे मिटून.

परवा देवाची जत्रा झाली. भिकूने वार्षिक गाऱ्हाणं घातलं. नेहमीसारखं, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, बोटीवरल्यांना सांभाळ, गुरावासरांना, आंबाकाजूला सांभाळ. प्रत्येक वेळी सगळे “होय महाराजा”. माझं नाव त्या दोन कौलांच्या वेळी सोडलं तर गाऱ्हाण्यात कधी आलं नाही. मीही वाट बघत नव्हते. शेवटी त्याने दम घेतला आणि म्हणाला, “...नि महाराजा, तुझ्या राईतल्या पालीला सांभाळ!”

मी मागून ओरडले, “पिवळ्या गळ्याची म्हण! नाहीतर विहिरीतली येईल हक्क सांगायला!”

भिकूने मागे वळून माझ्याकडे रागाने बघितलं, पुन्हा देवाकडे तोंड केलं आणि दुरुस्त केलं, “पिवळ्या गळ्याच्या पालीला सांभाळ, महाराजा!”

“होय महाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.